चिपाडाचा कोळसा आणि लोहाचा एकटा अणू

दसऱ्याच्या आगेमागे आमच्या नगर जिल्ह्यातील, म्हणजे आता सरकारी दफ्तरी अहिल्यानगर जिल्ह्यातील, साखर कारखान्यांच्या आवारात बॉयलरच्या अग्निप्रदीपनाचा समारंभ होतो. एखाद्या संचालकाच्या हस्ते सपत्नीक पूजा होते, नारळ फुटतो, भट्टीच्या तोंडाशी अग्नी दिला जातो आणि पावसाळाभर निपचित पडलेले ते अजस्र धूड हळूहळू तापू लागते. पुढे काही दिवसांनी गव्हाणीत मोळी पडते, बैलगाड्यांची व ट्रॅक्टरांची रांग सडकेवर लागते, कोप्यांच्या वस्त्या उभ्या राहतात आणि ज्याला आपण गळीत हंगाम म्हणतो ते आमच्या मुलखाचे खरे संवत्सर सुरू होते. हा सोहळा मी लहानपणापासून पाहत आलो. परंतु त्या भट्टीच्या पोटात नेमके काय घडते, हा प्रश्न मला पडला तो पन्नाशी उलटल्यावर. त्या प्रश्नाचा माग काढता काढता मी लोहाच्या एका एकट्या अणूपाशी येऊन पोहोचलो. त्या अणूची हकीकत प्रस्तुत लेखात सांगावयाची आहे.

भट्टीत जळते ते उसाचे चिपाड. शंभर टन ऊस गाळला की अठ्ठावीस-तीस टन बगॅस निघतो. त्यातला निम्मा भाग पाणीच असते. आणि उरलेल्या तंतूंत जो कार्बन व हायड्रोजन उसाने उन्हाच्या बळावर महिनोन्‌महिने साठविलेला असतो, तो आपल्याजवळचे इलेक्ट्रॉन हवेतल्या ऑक्सिजनच्या हवाली करून मोकळा होतो. ऑक्सिजनने इलेक्ट्रॉन स्वीकारण्याच्या या क्रियेला रसायनशास्त्रात क्षपण म्हणतात. भट्टीतील हा व्यवहार भर बाजारातल्या झोंबाझोंबीसारखा असतो. देणारा व घेणारा एकमेकांना भिडतात, मधल्यामध्ये हस्तांतर होऊन जाते आणि आपल्या पदरी उष्णता तेवढी पडते; मग त्या उष्णतेची वाफ, वाफेने फिरणारे चक्र व चक्राने होणारी वीज, अशी जागोजागी गळती असलेली साखळी जोडावी लागते. याउलट, देणाऱ्याला एका दालनात आणि घेणाऱ्याला दुसऱ्या दालनात बसवून दोहोंमध्ये तारेची एकच वाट मोकळी ठेवली, तर इलेक्ट्रॉनांना त्या तारेतूनच जावे लागेल आणि त्यांचे ते जाणे म्हणजेच वीज होईल. पुढे न्यायासनावर बसलेल्या विल्यम ग्रोव्ह या वेल्श विद्वानाने १८३९ साली असा घट प्रत्यक्ष सिद्ध करून दाखविला, आणि १८९४ साली विल्हेल्म ओस्टवाल्ड या जर्मन रसायनाचार्याने वाफेच्या एंजिनाची जागा अशा घटांनी घ्यावी असे जाहीरपणे प्रतिपादिले. या यंत्राला आज आपण इंधनघट म्हणतो. मूळ कल्पना इतकी स्वच्छ असताना पावणेदोनशे वर्षे उलटूनही घरोघर वाफेवरचीच वीज का येते, याचे मोठे कारण ऑक्सिजनच्या स्वभावात आहे.

ऑक्सिजनचा रेणू म्हणजे दुहेरी बंधाने एकमेकांस घट्ट धरून बसलेले दोन अणू. त्याला पाण्यात रूपांतरित व्हावयाचे तर चार इलेक्ट्रॉन व चार प्रोटॉन यथाक्रम मिळाले पाहिजेत आणि मध्यंतरी कोठेतरी तो बंध तुटला पाहिजे. हा चारही हप्त्यांचा मार्ग पुरा झाला तर सिद्धांताने १.२३ व्होल्ट पदरात पडतात. दोनच हप्ते घेऊन रेणू निसटला, तर बंध अर्धवट राहून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि व्होल्ट उरतात अवघे ०.७०. हायड्रोजनची बाजू सरळ आहे, तो आपला इलेक्ट्रॉन चटकन देतो. ऑक्सिजनची बाजू मात्र त्या मानाने लक्षावधी पटींनी मंद चालते. इंधनघटाच्या ज्या अंगाला ऑक्सिजन येतो त्या कॅथोडवर, म्हणूनच, त्याला हाताशी धरणारा, चारही हप्ते घेववणारा आणि काम होताच सोडून देणारा मध्यस्थ लागतो. या मध्यस्थाला उत्प्रेरक म्हणतात. पॉल साबात्ये या फ्रेंच रसायनज्ञाने मध्यस्थाची कसोटी फार पूर्वीच सांगून ठेवली आहे: त्याची पकड सैल असेल तर पाहुणा उंबऱ्यावरूनच परत जाईल, आणि घट्ट असेल तर तो घरातून हलणारच नाही. ज्ञात धातूंमध्ये या कसोटीला प्लॅटिनम सर्वांत जवळ उतरते, आणि तेही किंचित घट्ट पकडते.

प्लॅटिनमची अडचण सर्वश्रुत आहे. जगातील खाणींतून निघणाऱ्या प्लॅटिनमपैकी सुमारे सत्तर टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेतून येते, आणि त्याच्या किमतीचा बोजा प्रत्येक घटावर बसतो. आपल्या महाराष्ट्रात या विद्येचा व्यासंग नवा नाही. अंबरनाथ येथील संरक्षण खात्याच्या नौदल पदार्थ संशोधन प्रयोगशाळेने पाणबुडीसाठी फॉस्फोरिक आम्लाचा इंधनघट सिद्ध केला आणि मार्च २०२१ मध्ये जमिनीवर त्याची चाचणी यशस्वी झाली. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या सहकार्याने केपीआयटी या पुणेकर कंपनीने इंधनघटावरील मोटार २०२० च्या ऑक्टोबरात चालवून पाहिली, आणि २१ ऑगस्ट २०२२ रोजी स्वदेशी हायड्रोजन बसचे पुण्यात अनावरण झाले. ही बस धूर सोडत नाही, पाणी सोडते. परंतु या जातीच्या घटांत आजही प्लॅटिनमच वापरावे लागते, आणि तो खर्चाचा काटा काढण्यासाठी त्याच राष्ट्रीय प्रयोगशाळेत डॉ. श्रीकुमार कुरुंगोट यांच्या गटासारखे संशोधक वर्षानुवर्षे कार्बन, नायट्रोजन व साधे धातू यांच्या उत्प्रेरकांवर काम करीत आले आहेत. येथे एक योगायोग नमूद करावासा वाटतो. ही प्रयोगशाळा ३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते सुरू झाली. आणि त्याच वर्षाच्या अखेरीस विठ्ठलराव विखे पाटील व अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांच्या उद्योगाने उभ्या राहिलेल्या प्रवरेच्या सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप सुरू झाले. एका वर्षाच्या दोन टोकांना जन्मलेल्या या दोन संस्थांची गाठ पडावी, असे मला फार वाटते. ते का, हे पुढे येईलच.

प्लॅटिनमखेरीज दुसरा मध्यस्थ सृष्टीत नाही काय? आहे, आणि तो आपल्या प्रत्येकाच्या देहात आहे. फळीवरून तोल सावरीत उसाची मोळी डोक्यावर घेऊन ट्रकवर चढणाऱ्या मजुराला जी धाप लागते, त्या धापेतून आत गेलेला ऑक्सिजन त्याच्या स्नायूंच्या पेशींत जाऊन अखेर पाणीच होतो. हे काम तेथे एक प्रथिन करते, आणि त्याच्या गाभ्यात पॉर्फिरिन नावाच्या वलयात, चार नायट्रोजन अणूंच्या मधोमध लोहाचा एक अणू बसविलेला असतो, शेजारी तांब्याचा अणू मदतीला. प्लॅटिनमचा कणही नसताना हे कार्य देहाच्या उष्णतेवर, क्षणोक्षणी, पेरॉक्साइड बाहेर निसटू न देता चालते. रक्तातील हिमोग्लोबिनची चौकटही तीच. तेथे लोह ऑक्सिजनला केवळ वाहून नेते. आणि मजुराच्या डोक्यावरील उसाच्या हिरव्या वाढ्यांत जे हरितद्रव्य आहे, त्यातही वलय त्याच घराण्याचे, फक्त मध्यभागी लोहाऐवजी मॅग्नेशियम. ऊस वाढविणारे वलय आणि ऊस वाहणाऱ्याचा श्वास सार्थकी लावणारे वलय ही अशी सख्खी भावंडे आहेत, हे समजले त्या दिवशी मी बराच वेळ बांधावर उभा होतो.

मनुष्याच्या हाती हे वलय आले ते एका अपघाताने. १९२८ साली स्कॉटलंडमधील ग्रेंजमाउथ येथील रंगांच्या कारखान्यात एका काचलेपित भांड्याला तडा गेला, आतल्या पांढऱ्या द्रव्याचा भांड्याच्या लोखंडाशी संपर्क झाला आणि निळ्या रंगाचा एक अनपेक्षित पदार्थ आढळला. तो लोहाचा थॅलोसायनीन होता. पॅट्रिक लिन्स्टेड यांनी १९३४ साली त्याची रचना उलगडली: मध्ये धातूचा एक अणू, त्याला धरून चार नायट्रोजन, भोवती कार्बनचा परिवार. पुढे त्याचाच तांब्याचा भाऊ जगातला सर्वांत पक्का निळा रंग ठरला. वाचकाच्या हाती असलेल्या या अंकाच्या मुखपृष्ठावर जेथे जेथे निळाई असेल, तेथे छपाईच्या शाईत बहुधा हेच तांब्याचे थॅलोसायनीन आहे. १९६४ साली रेमंड जासिन्स्की यांनी कोबाल्टचे थॅलोसायनीन इंधनघटाच्या कॅथोडवर लावून पाहिले आणि ते ऑक्सिजनचे क्षपण करते असे प्रसिद्ध केले. रंगद्रव्याने प्लॅटिनमच्या पंक्तीला बसावे, ही त्या काळी मोठीच वार्ता होती.

तथापि ही वलये घटात फार काळ टिकत ना. पुढील दशकात असे दिसून आले की ती कार्बनबरोबर तापविली तर उलट अधिक टिकतात. आणि १९८९ साली अमेरिकेतील क्लीव्हलंड येथे अर्नेस्ट यीगर व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिले की महागडे वलय मुळात लागतच नाही, कोणतेही नायट्रोजनयुक्त द्रव्य, धातूचा साधा क्षार व कार्बन एकत्र तापविले तरी तशीच कार्यक्षमता हाती येते. म्हणजे भट्टीच्या धगीत चार नायट्रोजनांची चौकट नव्याने घडत असली पाहिजे. ती दिसत मात्र नव्हती. २०११ साली चीनमधील दालियान येथील ताओ झांग व त्यांच्या सहकाऱ्यांनी लोहाच्या ऑक्साइडवर प्लॅटिनमचे अणू एकेकटे बसवून, ते सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून, त्या प्रकारास एकाणू उत्प्रेरण हे नाव दिले. आणि मागील अनेक दशकांच्या विखुरलेल्या खटपटीला त्यामुळे एक कुलनाम मिळाले. धातूच्या कणात बहुसंख्य अणू पोटात दडलेले असतात व पृष्ठावरचे तेवढे राबतात. एकेक अणू सुटा बसविला की प्रत्येक अणू कामावर हजर, हा या पद्धतीचा पहिला लाभ. दुसरा लाभ मला अधिक मोलाचा वाटतो: अशा अणूचे शेजारी कोण असावेत हे ठरविता येते, आणि शेजार बदलला की त्याची पकड बदलते.

पण लोहाचा स्वभाव कळपाचा आहे. नऊशे-हजार अंशांच्या उष्णतेत त्याचे अणू भटकू लागतात, एकमेकांना गाठतात आणि गोळा होऊन बसतात. असा गोळा झाला की तो उत्प्रेरक राहिला नाही. यावर रसायनज्ञांनी जी युक्ती योजिली तिचे मला कौतुक वाटते. जस्त व इमिडॅझोल यांच्या जाळीदार स्फटिकात लोहाचे अणू अत्यल्प प्रमाणात, लांबलांब पेरावयाचे. दोन लोहांच्या मध्ये जस्ताचे कितीतरी अणू कुंपणासारखे उभे राहतात. स्फटिक तापविला की त्याचा कार्बन होतो, नायट्रोजन जागच्या जागी लोहाला धरतात, आणि ९०७ अंशांना जस्ताला उकळी फुटून ते वाफेच्या रूपाने निघून जाते. जाताना मागे ऑक्सिजनच्या ये-जा करण्यासाठी सूक्ष्म छिद्रे ठेवून जाते. कुंपणानेच पिकाची राखण करावी आणि हंगाम संपताच वाट मोकळी करून द्यावी, तसा हा बंदोबस्त. त्यानंतर आम्लाने धुवून गोळा झालेले लोह काढून टाकावयाचे. शेवटी जो काळा भुगा उरतो त्यात लोह शेकडा एक-दोन भाग असते, आणि तेच सगळे काम करते.

अणू खरोखर एकटा बसला आहे की नाही, याची रुजवात दोन साक्षींनी होते. एक साक्ष इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाची: करड्या कार्बनच्या पडद्यावर लोहाचे अणू अंधारातल्या काजव्यांसारखे सुटे ठिपके होऊन चमकतात. दुसरी साक्ष क्ष-किरणांची: लोहाने शोषलेल्या किरणांच्या लेखावरून त्याच्या शेजारी लोहच आहे की नायट्रोजन, आणि किती अंतरावर, हे वाचता येते. त्यासाठी लागणारे प्रखर किरण आपल्या देशात इंदूरच्या राजा रामण्णा केंद्रातील इंडस-२ या यंत्रावर मिळतात. आमच्या जामखेड तालुक्यातील चौंडी गावच्या अहिल्यादेवींनी ज्या होळकरांच्या राज्याचा कारभार पाहिला, त्यांच्याच इंदुरात नगरच्या एखाद्या संशोधकाने आपल्या अणूची साक्ष नोंदवावी, हे मला उचित वाटते.

परीक्षेचे काम मी एका महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत, संशोधन करणाऱ्या एका मुलीच्या शेजारी बसून पाहिले. तिने तो काळा भुगा चिमूटभर तोलला, मद्यार्क व थोडे चिकट द्रावण घालून त्याची शाई केली, आणि अवघ्या पाच मिलिमीटर व्यासाच्या, आरशासारख्या घासलेल्या कार्बनच्या चकतीवर त्या शाईचा एक थेंब नळीने असा अलगद सोडला की तो कडेपर्यंत गेला आणि कडेला थांबला. थेंब वाळला. मग चकती कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात उलटी बुडवून, द्रावणात अर्धा तास ऑक्सिजनचे बुडबुडे सोडून, ती मिनिटाला १६०० फेऱ्यांनी फिरवावयास सुरुवात केली. चकतीभोवती प्लॅटिनमचे एक बारीक कडे असते. चकतीवर ऑक्सिजनने चार हप्ते पुरे केले तर कडे शांत राहते, आणि दोनच घेऊन पेरॉक्साइड निसटले तर ते कडे त्याला पकडून प्रवाहाच्या रूपाने चुगली करते. पडद्यावर रेघ खाली उतरू लागली तसे ती मुलगी श्वास रोखून पाहत होती. “कडं गप्प आहे, सर,” ती म्हणाली. तिच्या तीन महिन्यांच्या भट्टीचा हिशेब त्या तीन शब्दांत आला होता.

कडे गप्प असणे हेच नेहमी इष्ट असते असे मात्र नाही, आणि या विद्येचे खरे मर्म तेथेच आहे. चौकटीत लोह बसविले तर ते ऑक्सिजनला घट्ट धरते, बंध तोडते आणि पाणी करते. त्याच चौकटीत कोबाल्ट बसविला तर त्याची पकड जरा सैल पडते, बंध शाबूत राहतो आणि पेरॉक्साइड बाहेर पडते. कोबाल्टच्या शेजारी ऑक्सिजनयुक्त गट आणून ठेवले की हा कल आणखी वाढतो, असे २०२० साली दक्षिण कोरियातील संशोधकांनी दाखविले. आज पेरॉक्साइड मोठमोठ्या कारखान्यांत, अँथ्राक्विनोनच्या लांबलचक प्रक्रियेने, तीव्र करून टँकरांनी दूरवर पोहोचविले जाते, आणि वापरताना पुन्हा पाणी घालून सौम्य केले जाते. दुधाची कागदी वेष्टने निर्जंतुक करावयाला, कापड व कागदाचा लगदा पांढरा करावयाला, पाण्यातील जंतू मारावयाला ते लागते आणि काम संपताच त्याचे पाणी व ऑक्सिजन होऊन जाते. हवा, पाणी व थोडी वीज यांतून ते जागच्या जागी, हवे तेवढेच करता आले, तर पारनेर-पाथर्डीसारख्या दुष्काळी तालुक्यांतील गावाला ते विहिरीच्या कडेवरच मिळेल. एकाच चौकटीतील अणू बदलून वीज हवी की औषध हवे हे ठरविता येते. नियंत्रण या शब्दाचा याहून नेमका अर्थ मला ठाऊक नाही.

आता उणीवही सांगितली पाहिजे, कारण तिच्यावर पांघरूण घालणे वाचकाशी प्रतारणा होईल. कॉस्टिकसारख्या अल्कली द्रावणात लोहाचे हे उत्प्रेरक प्लॅटिनमची बरोबरी करतात, आणि जस्त-वायू विद्युत्‌घटासारख्या ठिकाणी ते कामी येऊ लागले आहेत. परंतु मोटारीच्या घटातील आम्ल वातावरणात ते मागे पडतात, आणि त्याहून वाईट म्हणजे लवकर खचतात. एखादा ऑक्सिजन दोन हप्त्यांवर निसटलाच तर त्याचे पेरॉक्साइड सुट्या लोहाशी भिडून अतिशय आक्रमक मूलके निर्माण करते. हेन्री फेंटन यांनी वर्णन केलेली ही क्रिया योगायोगाने ओस्टवाल्डच्या भाषणाच्याच सालची, १८९४ ची. ही मूलके कार्बनची भिंत पोखरतात, चौकट ढासळते, लोह द्रावणात उतरते आणि तेच लोह आणखी मूलके जन्माला घालते. घर ज्याच्यासाठी बांधले त्यानेच ते पाडावे, अशी ही अवस्था आहे. देहातील प्रथिन तुटले की पेशी नवे घडविते. आपल्या घटाला ती सोय नाही. म्हणून या क्षेत्रातील आजचा मुख्य झगडा वेगाचा राहिलेला नसून टिकाऊपणाचा आहे, आणि तो अद्याप जिंकलेला नाही.

आता प्रवरेच्या काठी परत येतो. कार्बन, नायट्रोजन आणि लोह ही या उत्प्रेरकाची सामग्री. कार्बन आमच्या कारखान्यांच्या आवारात डोंगरासारखा रचलेला असतो. बगॅसपासून असे कार्बन करण्याचे प्रयोग अनेक देशांत झालेले आहेत. त्यातील वाळूसारखी सिलिका अल्कलीने धुवून काढावी लागते, पण ते असाध्य नाही. उरलेल्या दोन जिनसांची ओळख तर आमच्या शेतकऱ्याला शास्त्रज्ञाच्याही आधीची आहे. आमच्या चुनखडीच्या जमिनीत उसाला लोह मिळेनासे होते, पाने पिवळी-पांढरी पडतात, शेतकरी म्हणतो की उसावर केवडा पडला. आणि मग तो हिराकस, म्हणजे लोहाचे सल्फेट, पाण्यात कालवून, त्यात युरिया घालून फवारतो. हिराकसातून लोह, युरियातून नायट्रोजन आणि चिपाडातून कार्बन: प्रयोगशाळेतील भट्टीत जे घालावयाचे ते सारे फवारणीच्या पंपात आणि कारखान्याच्या आवारात आज हजर आहे. एवढ्याने उत्तम उत्प्रेरक होईल असा दावा मी करीत नाही. कोणता कोळसा, कोणते प्रमाण, किती धग, याची छाननी वर्षानुवर्षे करावी लागेल. परंतु ती छाननी करावयाला लागणारे विद्यार्थी लोणी, संगमनेर, राहुरी, कोपरगाव व नगर येथील महाविद्यालयांत आणि विद्यापीठात आहेत, आणि त्यांतील कितीतरी संस्था साखरेच्याच पैशातून उभ्या राहिलेल्या आहेत.

सहकारी कारखान्यांच्या संचालक मंडळांना माझी एकच विनंती आहे. येत्या वार्षिक सभेच्या जमाखर्चात एक नळीची भट्टी, एक फिरती चकती आणि प्रवाह मोजण्याचे एक यंत्र, एवढ्या तीन वस्तूंची तरतूद जवळच्या महाविद्यालयाच्या रसायनशाळेसाठी करावी. आणि यंदा बॉयलर पेटवाल तेव्हा भट्टीत सारण्यापूर्वी बगॅसची एक पाटी बाजूला काढून त्या मुलामुलींकडे पाठवून द्यावी.